सी८ वर वजीर करण्याआधी: एंडगेमचं कोडं चौघांनी मिळून कसं सोडवावं

"सुटलं!" असं ओरडायची घाई सगळ्यांनाच असते. बुद्धिबळाच्या पटावर चार-पाच मोहरे उरलेले असतात, खाली "पांढऱ्याने खेळून जिंका" एवढंच लिहिलेलं असतं आणि दोन मिनिटांत कोणीतरी प्यादं शेवटच्या घरात ढकलून मोकळा होतो. काळ्याच्या बाजूने तेवढ्याच हिरिरीने विचार करायला कोणी बसलेलंच नसतं. म्हणून चौघं मिळून बसणार असाल तर सगळ्यात आधी एक माणूस नेमा: काळ्याचा वकील. त्याचं काम एकच. काळा वाचतो कसा, हे शेवटपर्यंत शोधत राहायचं. त्याचे सगळे मुद्दे संपले की कोडं सुटलं, त्याआधी नाही.

असा उद्योग एंडगेमवरच, म्हणजे डावाच्या शेवटच्या टप्प्यावरच, जमतो. सुरुवातीच्या डावात पटावर बत्तीस मोहरे असतात. तिथे चौघं बसले की गलका होतो, आणि ज्याचं पाठांतर जास्त त्याचंच चालतं. चार मोहऱ्यांच्या स्थितीत पाठांतराचा तेवढा उपयोग नाही. सातवीतली पोरगी आणि वीस वर्षं खेळणारे काका दोघांनाही तेच दिसत असतं. वेळही खेडेगावात सापडतो. रब्बीत थ्री-फेज लाईट रात्रीची असली की हरभऱ्यातले स्प्रिंकलरचे पाइप एका जागी दोन-तीन तास चालतात, आणि तेवढा वेळ धुऱ्यावर बसून काढायचाच असतो. वावरात कागदी पट मात्र नेऊ नका. दवाने तो लोळागोळा होतो आणि वाऱ्याने उलटतो. मॅग्नेटचा वीतभर पट आणि कपाळाला बांधायची बॅटरी पुरेशी आहे.

मोहरे हरवलेले असतील तर काही अडत नाही. प्यादी म्हणून चिंचोके ठेवा: एका बाजूला अख्खे, दुसऱ्या बाजूला फोडलेले. राजा आणि हत्ती मात्र खरे हवेत. चारदा हलवल्यावर कोणता चिंचोका हत्ती होता, हे कोणालाच आठवत नाही.

मांडणीतच घोळ

निम्मी कोडी सुटत नाहीत, कारण ती चुकीची मांडलेली असतात. पांढऱ्याच्या बाजूने बसल्यावर उजव्या हाताच्या कोपऱ्यातलं घर पांढरं हवं. ते एच१. डाव्या कोपऱ्यातलं काळं घर ए१. छापील आकृतीत पांढरा नेहमी खालच्या बाजूला असतो, म्हणजे पांढरी प्यादी वर जातात. पटावर अक्षरं नसतील तर मार्करने उभ्या पट्ट्यांना डावीकडून ए ते एच आणि आडव्या ओळींना खालून १ ते ८ लिहून टाका. पट खराब दिसेल, पण भांडणं वाचतील.

दुसरी चूक बसण्याची. डाव खेळताना समोरासमोर बसायची सवय असते, तसंच कोडं सोडवतानाही बसलं जातं. मग समोरच्याला सगळं उलटं दिसतं, आणि प्यादं कोणत्या दिशेला चाललंय यावरच दहा मिनिटं जातात. सगळ्यांनी पांढऱ्याच्याच बाजूला, किंवा फार तर कडेला, काटकोनात बसावं. काळ्याच्या वकिलानेही.

एकाने घर वाचायचं, दुसऱ्याने मोहरा ठेवायचा, आणि ठेवून झाल्यावर दुसऱ्याने पटावरून परत वाचून दाखवायचं. मोहरे मोजायचे. मग हात लावायच्या आधी फोनने पटाचा फोटो काढायचा. पंधरा मिनिटांनी मूळ स्थितीवर परत यायचं असतं, तेव्हा "राजा बी६ वर होता का बी५ वर" हा वाद फोटोशिवाय मिटत नाही. वहीच्या माथ्यावर दोन गोष्टी मोठ्या अक्षरात: पहिली चाल कोणाची, आणि मागणी काय, विजय की बरोबरी. मागणी ही अर्धी सूचनाच असते. बरोबरी मागितली असेल तर जिंकायच्या वाटा शोधण्यात वेळ घालवू नका.

आणखी एक गोष्ट आधीच ठरवून घ्या, कारण आपल्याकडे ती हमखास आडवी येते. जुनी मंडळी देशी बुद्धिबळ खेळलेली असतात. त्यात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकतं, आणि पल्याड पोचलं की ज्या घरात पोचलं त्या घरचा मोहरा होतं. म्हणजे सी८ वर पोचलेलं प्यादं उंट होणार, कारण सी८ हे उंटाचं घर. आंतरराष्ट्रीय नियमात वजीर, हत्ती, उंट, घोडा यांपैकी काहीही मागता येतं. छापील कोडी या नियमाने रचलेली असतात. कोंडीचंही तसंच. राजाला शह नाही, पण कोणतीही चाल शिल्लक नाही, अशी स्थिती आली की आंतरराष्ट्रीय नियमात डाव बरोबरीत सुटतो. देशी खेळात याबद्दल गावागणिक वेगळं ऐकायला मिळतं. खाली जे कोडं घेतलंय ते या दोन नियमांवरच उभं आहे. आजोबा देशी नियमाने आणि नात आंतरराष्ट्रीय नियमाने विचार करत असतील तर दोघंही बरोबर असतात आणि कोडं मात्र सुटत नाही.

कोणी काय करायचं

चौघांत कामं अशी वाटतात: एकाचा हात, एकाची वही, एक काळ्याचा वकील, आणि चौथा नुसता बघणारा. पटाला हात एकानेच लावायचा. बाकीच्यांनी चाल तोंडाने सांगायची, घराच्या नावासकट. "हा इकडे घे ना" चालणार नाही, "राजा बी५" असं म्हणायचं. बोटाने दाखवलेली चाल वहीत उतरत नाही, आणि न उतरलेली चाल अर्ध्या तासाने पुन्हा पहिल्यापासून तपासली जाते.

पहिली दहा मिनिटं कोणीच बोलायचं नाही. मग प्रत्येकाने आपली एक चाल सांगायची, वयाने सगळ्यात लहान असेल त्याच्यापासून सुरुवात करून. हा शिष्टाचाराचा भाग नाही. काका आधी बोलले की पोरं गप्प बसतात, किंवा त्यांच्याच चालीला दुजोरा देतात, आणि मग चार डोक्यांचं एकच डोकं होतं.

वहीवाल्याने प्रत्येक फांदीला, म्हणजे चालींच्या प्रत्येक वेगळ्या वाटेला, अक्षर द्यायचं: अ, ब, क. फांदी बंद करताना कारण लिहायचं. "मात", "प्यादं गेलं", "कोंडी", "हत्तीने वजीर मारला". नुसतं "चालत नाही" लिहिलेली फांदी उघडीच धरायची. पुढे अडलं की आधी याच फांद्या पुन्हा उघडायच्या. बहुतेक वेळा उत्तर तिथेच दडलेलं असतं.

काळ्याचा वकील सगळ्यात चांगला खेळाडू असावा, असं आमचं मत. बरेच गट उलटं करतात, चांगल्याला पांढऱ्याकडे बसवतात आणि नवख्याला काळा देतात. मग कोडं भराभर "सुटतं" आणि चुकीचं सुटतं. बचाव शोधणं हल्ला शोधण्यापेक्षा अवघड आहे, कारण हल्ल्याला दिशा असते. बचावाला आठही दिशांना बघावं लागतं.

चौथ्याने काहीच न करणं हेही काम आहे. हातवाल्याने फांदी संपल्यावर मोहरे नीट परत ठेवले का, राजा शहात असताना दुसरीच चाल तर झाली नाही ना, एकाच बाजूने सलग दोन चाली तर खेळल्या नाहीत ना, एवढंच त्याने बघायचं. शेवटचा प्रकार ऐकायला खुळचट वाटतो, पण बोलता बोलता तो सर्रास होतो.

सावेद्राचं कोडं

आता प्रत्यक्ष मांडू. पांढरा राजा बी६, पांढरं प्यादं सी६. काळा राजा ए१, काळा हत्ती डी५. पांढऱ्याची चाल, पांढऱ्याने जिंकायचं. चारच मोहरे.

या कोड्याचा इतिहासच सामूहिक आहे. १८७५ मध्ये लंडनच्या एका डावात साधारण असा शेवट आला होता आणि तो बरोबरीत सुटला. वीस वर्षांनी, १८९५ मध्ये, ग्लासगोच्या एका साप्ताहिकात बुद्धिबळाचं सदर चालवणाऱ्या बार्बिए यांनी त्यावरून कोडं रचलं. प्यादं सी७ वर, काळ्याची चाल, काळ्याने बरोबरी साधायची. त्यांनी उत्तरही छापलं. मग ग्लासगोतच राहणाऱ्या फर्नांडो सावेद्रा नावाच्या स्पॅनिश धर्मगुरूने कळवलं की बरोबरी होत नाही, पांढरा जिंकतो. छापून आलेल्या उत्तरावर एका वाचकाने पुन्हा विचार केला, आणि आज जगभर कोडं ओळखलं जातं ते त्या वाचकाच्या नावाने. आपण घेतोय ते एक चाल मागून सुरू होणारं रूप.

पहिली चाल सगळ्यांनाच दिसते: प्यादं सी७. पुढच्या चालीला वजीर होणार. काळ्याच्या वकिलाने इथे तीन गोष्टी तपासायच्या. हत्ती डी८ वर गेला तर प्यादं त्याला मारून वजीर होतं. हत्ती सी५ वर आला तर राजा मारतो. हत्ती डी१ वर गेला तर सी८ वर वजीर होतो आणि तोच सी१ चं घर राखतो. वजीर विरुद्ध हत्ती हा शेवट वेळखाऊ असला तरी पांढऱ्याने जिंकलेला आहे. उरतो तो शह: हत्ती डी६.

खरी गंमत इथून सुरू होते. राजाला पाच घरं मोकळी आहेत, आणि पाचही तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही. बी७ किंवा ए७ वर गेला तर हत्ती डी७ वर येतो. प्यादं राजा आणि हत्ती यांच्या मधे अडकतं, हलता येत नाही. पुढच्या चालीला हत्ती ते प्यादं मारतो, राजा हत्तीला मारतो, आणि पटावर दोन राजे उरतात. बरोबरी. ए५ वर गेला तर हत्ती सी६ वर बसतो. ए५ वरून राजा त्याला मारू शकत नाही आणि प्यादं वाचत नाही. सी५ वर गेला तर हत्ती थेट डी१ वर. आता वजीर केला की हत्ती सी१ वरून शह देतो. राजा आणि त्याच्या मागे वजीर, दोघंही एकाच उभ्या पट्टीत. राजा बाजूला झाला की वजीर गेला. उरतं एकच घर: बी५.

वहीत हे लिहून झालं की नियम आपोआप दिसतो. ए पट्टीत गेलं तर हत्ती प्याद्याच्या पट्टीत सुखरूप येतो. सी पट्टीत गेलं तर सी१ वरून शह बसतो. म्हणून राजाने बी पट्टी धरून शिडी उतरावी तसं खाली यायचं. हत्ती डी५, शह. राजा बी४. हत्ती डी४, शह. राजा बी३. हत्ती डी३, शह. आता राजा सी२.

सी पट्टीत जायचं नाही असं आत्ताच ठरलं होतं, मग सी२ कसं चाललं? हा प्रश्न वकिलाने विचारलाच पाहिजे. सी२ वरून राजा स्वतःच सी१ आणि डी१ ही दोन्ही घरं राखतो. हत्तीला मागून शह द्यायला जागाच उरत नाही. नियम कोणत्या कारणाने बनला होता ते वहीत लिहिलेलं असेल, तर तो कुठे लागू नाही हेही तिथेच कळतं. (चौकस वकील इथे आणखी एक मुद्दा काढेल. एक चाल आधी बी३ ऐवजी सी३ वर गेलं तर? हत्ती डी१, राजा सी२, हत्ती डी४, पुन्हा तीच स्थिती. तेही जिंकतं, नुसता फेरा पडतो. पण त्याच्याही आधी, हत्ती डी५ वर असताना, सी४ वर गेलं तर नाही. तिथून सी२ दोन घरं लांब आहे.)

हत्ती डी३ वरून कुठे जाणार? डी२ किंवा सी३ वर शह दिला तर राजा मारतो, डी१ वरही मारतो. शंभरातले नव्वद गट इथे वही मिटतात. बार्बिएंचं छापील उत्तर मात्र इथेच होतं: हत्ती डी४!

पटाभोवती साधारण असं बोलणं होतं.

"मंग झालं ना बाप्पा. सी८, वजीर."

"काका, मी सी४ वर शह देते."

"देऊ दे. वजिरानं मारतो हत्ती."

"मारा. आता माझी चाल सांगा."

काळ्याच्या राजाला चाल नाही. ए२ वर वजिराची तिरपी नजर आहे, बी१ आणि बी२ पांढऱ्या राजाने अडवलेत. शह नाही, चाल नाही. कोंडी, बरोबरी. हत्ती न मारता राजा बाजूला घेतला तर हत्तीच वजीर मारतो. बार्बिए इथे थांबले, आणि तेवढ्यापुरते ते बरोबरच होते.

इथे अडलं की गटाने करायची गोष्ट ठरलेली आहे: मूळ स्थितीवर परत जायचं नाही, शेवटच्या फांदीवरच एक पायरी मागे यायचं. चूक सहाव्या चालीत आहे. प्रश्न असा विचारायचा: कोंडी कशामुळे झाली? ए२ हे घर वजिराने तिरपं बघितल्यामुळे. मग तिरपं न बघणारं काय आहे? हत्ती.

सी८ वर हत्ती करा. आता ए८ वरून मातेची धमकी आहे: ए पट्टीत हत्ती, बी१ आणि बी२ वर पांढऱ्या राजाची नजर. काळ्याने तोच डाव पुन्हा टाकला, हत्ती सी४ वर शह, तर पांढरा हत्ती त्याला मारतो. या वेळी राजाला ए२ मोकळं आहे, तिथे जावंच लागतं, आणि हत्ती ए४ वर मात. म्हणून काळ्याला एकच चाल उरते, हत्ती ए४. त्यावर पांढरा राजा बी३. एकाच चालीत हत्तीवर हल्ला आणि सी१ वर मातेची धमकी. दोन्ही एकदम वाचवता येत नाहीत.

सगळी वही लिहायला पाऊण तास लागतो. उत्तर ठाऊक असलेल्याने ते सांगू नये, पण त्याने काळ्याचा वकील व्हायला हरकत नाही. पांढऱ्याकडच्यांनी वजीर केल्यावर त्याने फक्त सी४ म्हणावं आणि गप्प बसावं.

सवय ही इथली खरी अडचण. "वजीर की दुसरं काही" हा प्रश्नच डोक्यात येत नाही, कारण रोजच्या खेळात तो कधी पडत नाही. म्हणून वहीच्या शेवटच्या पानावर एक कायमची यादी ठेवा, अडल्यावर वाचायला: प्यादं पोचलं तर चारही मोहरे तपासले का? कोंडी होते का? शह न देता थांबायची चाल आहे का? राजा सरळ जाण्याऐवजी तिरपा गेला तर? एवढे चार प्रश्न बऱ्याच दिवसांना पुरतात.

राजाचा तिरपा रस्ता

यादीतल्या शेवटच्या प्रश्नासाठी बुद्धिबळपटू रिचर्ड रेटीचं १९२१ चं कोडं घ्यावं. पांढरा राजा एच८, पांढरं प्यादं सी६. काळा राजा ए६, काळं प्यादं एच५. पांढऱ्याची चाल, बरोबरी साधायची. मांडून झाल्यावर बहुतेक जण म्हणतात की आकृती चुकीची छापली असणार.

आधी चौकटीचा हिशेब. धावत्या प्याद्यापासून शेवटच्या घरापर्यंत जितकी लांबी, तितक्याच रुंदीची चौकट मनात आखायची. एच५ च्या काळ्या प्याद्याची चौकट एच५, डी५, डी१, एच१ अशी. पांढरा राजा आपल्या चालीत त्या चौकटीत शिरू शकला तर प्यादं धरतो. एच८ वरून तो दोन चाली मागे आहे. दुसरीकडे काळा राजा पांढऱ्या प्याद्यापासून दोनच चालींवर आहे. सरळ बघितलं तर पांढरा दोन्हीकडे हरलेला.

आता वावरात आणि पटावर फरक काय ते बघा. चौकोनी वावरात या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात धुऱ्याने जाण्यापेक्षा मधून तिरपं गेलं की रस्ता कमी पडतो. पटावर राजासाठी घरं मोजायची असतात, पावलं नाहीत. एच८ वरून सरळ खाली एच४ ला चार चाली. जी७, एफ६, ई५, एफ४ असा वळसा घेत चौथ्या ओळीत उतरायलाही चारच. वळसा फुकट आहे, आणि जाता जाता आपल्या प्याद्याजवळून जाता येतं.

राजा जी७. प्यादं एच४. राजा एफ६. इथे काळ्याच्या वकिलासमोर दोन वाटा. प्यादं एच३ ढकललं तर राजा ई६, प्यादं एच२, पांढरं प्यादं सी७, काळा राजा बी७, पांढरा राजा डी७. दोघंही वजीर करतात, पांढऱ्याचा वजीर शह देत येतो, बरोबरी. काळा राजा बी६ वर आणला तर पांढरा राजा ई५. आता काळ्याने सी६ चं प्यादं मारलं तर राजा एफ४ वर येतो आणि एच४ चं प्यादं धरतो. न मारता एच३ ढकललं तर राजा डी६ वर जाऊन आपलं प्यादं पोचवतो. सुरुवातीलाच काळ्याने एच४ ऐवजी राजा बी६ खेळला तर पांढरा राजा एफ६, आणि मग प्यादं मारलं तर राजा जी५ वर येऊन एच५ चं प्यादं खातो.

या कोड्यात कामं थोडी बदला. दोन वकील करा, एकाकडे काळं प्यादं, दुसऱ्याकडे काळा राजा. दोघांनी एकमेकांशी ठरवूनच चाल द्यायची, कारण काळ्याला एका वेळी एकच हलवता येतं. त्या वाटाघाटीतच कोड्याचं मर्म उघडं पडतं. ई५ वर राजा आला की दोघंही वकील "तुमचं आधी, तुमचं आधी" करत बसतात.

फोन कधी उघडायचा

शेवटी. शंका असली तरी शेवटी. सात किंवा त्याहून कमी मोहऱ्यांच्या स्थितीचं उत्तर आता कोणाच्या मतावर अवलंबून नाही, ते टेबलबेसमध्ये मोजून ठेवलेलं आहे. लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर अशी स्थिती मांडली की जिंकणाऱ्या, बरोबरीच्या आणि हरणाऱ्या चाली वेगवेगळ्या दाखवल्या जातात. मोहरे मोजताना दोन्ही राजे धरायचे. म्हणजे सावेद्राचं आणि रेटीचं, दोन्ही कोडी चार मोहऱ्यांची. नेटवर्क नसलेल्या वावरात हवं असेल तर पाच मोहऱ्यांपर्यंतचा सिझिजी नावाचा टेबलबेस संच एक जीबीच्या आत बसतो, तो पेनड्राइव्हवर घेऊन घरच्या संगणकात टाकता येतो. सहा मोहऱ्यांच्या संचाला दीडशे जीबीच्या आसपास जागा लागते, त्याच्या नादी लागू नका.

फोन तपासणीला, सोडवायला नाही. वहीत प्रत्येक फांदी बंद झाल्यावरच स्थिती टाकायची, आणि एकेक फांदी ताडून बघायची. आपण "बरोबरी" लिहिलेल्या जागी टेबलबेस "जिंकतो" म्हणत असेल तर ती चाल तिथल्या तिथे वाचू नका, फोन पालथा ठेवा. एवढीच सूचना पुरे आहे, उरलेलं पुन्हा पटावर शोधा. ज्या गटात कोणी गुपचूप फोनवर इंजिन, म्हणजे चाली शोधून देणारा प्रोग्रॅम, चालू ठेवून "मला वाटतं हत्ती करावा" असं म्हणतो, तो गट दोन बैठकींत मोडतो. इतरांना ते लगेच कळतं, कारण उत्तर बरोबर येतं आणि कारण मात्र येत नाही.

चार जण, एक कोडं, एक तास. त्याहून जास्त ताणू नये. न सुटलेलं कोडं फोटोसह वहीत तसंच ठेवावं. आठवड्याने उघडलं की तिसऱ्या मिनिटाला कोणीतरी ती बंद न झालेली फांदी दाखवतो.

पुढच्या बैठकीसाठी एक सोपं देतो, चिंचोक्यांवरही मांडता येईल असं. पांढरा राजा जी२, प्यादी ए५, बी५, सी५. काळा राजा जी४, प्यादी ए७, बी७, सी७. पांढऱ्याची चाल असेल तर तो जिंकतो, आणि पहिली चाल बी६ हे एवढं सांगून टाकतो. काळ्याने ते प्यादं ए कडून मारलं तर काय आणि सी कडून मारलं तर काय, या दोन फांद्या वेगवेगळ्या लिहा, दोन्हींची उत्तरं सारखी नाहीत. ते झालं की पट पुन्हा मूळ स्थितीत आणा आणि पहिली चाल काळ्याला द्या. पांढऱ्याची ही फोड थांबवणारी काळ्याकडे प्याद्याची एकच चाल आहे. ती कोणती, आणि उरलेल्या प्याद्यांच्या चाली का पडतात, हे काळ्याच्या वकिलाने नाही, या वेळी पांढऱ्याच्या वकिलाने सिद्ध करायचं.